हिवाळ्याचे गाव

अमेरिकेचा १९६५चा स्थलांतर कायदा आणि कॅनडाने १९६७मध्ये आणलेली गुणपद्धत यांमुळे जी मराठी पिढी तिकडे गेली, ती आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. मुले मार्गी लागली, घराचे कर्ज फिटले, गुडघे कुरकुरू लागले आणि दर ऑक्टोबरात एकच प्रश्न उभा राहू लागला: यंदाचा हिवाळा कुठे काढायचा? शेजारपाजारची निवृत्त मंडळी फ्लोरिडाला नाहीतर अॅरिझोनाला जातात. मूळच्या नाशिककरांपुढे आणखी एक पर्याय असतो, तो म्हणजे नाशिक. कागदोपत्री तेही आता त्यांना परदेशच आहे, पण २००५मध्ये आलेल्या ओसीआय कार्डामुळे व्हिसाची कटकट राहिलेली नाही. हा निर्णय बहुतेक घरांत दोन्हीकडच्या तापमानाचे आकडे शेजारी शेजारी ठेवून होतो आणि माझ्या मते हिशेब चुकतो तो तिथेच. उतारवयात हिवाळ्याचे गाव निवडताना पारा कुठवर चढतो याला दुसरे स्थान द्यावे. पहिला प्रश्न असा असावा की तिथे रोज किती तास, कुणाचा हात न धरता, घराबाहेर काढता येतील.

नुसत्या पाऱ्याच्या कसोटीवर नाशिक फारसे टिकतही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरचे हे शहर. जानेवारीत दुपारी २८-२९ अंश असले, तरी पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि उत्तरेकडून थंडीची लाट आली की त्याच्याही बराच खाली उतरतो. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद दर हिवाळ्यात राज्यभरच्या वर्तमानपत्रांत छापून येते. तिथे पाच अंशांखालची पहाट नवलाची नाही. अशा रात्री द्राक्षबागाईतदारांच्या डोळ्याला डोळा लागत नाही. मण्यांत पाणी उतरलेले असते, गारठ्याने त्यांना तडे जातील म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवून धूर करतात, पहाटे ठिबक सुरू करून मुळांशी पाणी सोडतात. माणसांच्या घरांत मात्र एवढीही तजवीज नसते. आपली घरे उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली: गार फरशी, फट राहणाऱ्या सरकत्या खिडक्या आणि गीझर सोडला तर उबेची कसलीच सोय नाही. जानेवारीच्या पहाटे नाशिकच्या फ्लॅटमधली झोपायची खोली टोरांटोतल्या खोलीपेक्षा थंड असते. केवळ ऊबच हवी असेल तर ती टोरांटोच्या घरात चोवीस तास मिळते. विमानाचा वीस-बावीस तासांचा प्रवास त्यासाठी करायला नको.

मग उत्तरेकडचा हिवाळा नेमके काय हिरावून घेतो? याचे उत्तर शोधायला निफाड तालुक्यातच एक चांगली जागा आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय पसरला आहे. रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ ठिकाण. तो मान त्याला २०२०मध्ये मिळाला. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे पाहुणे उत्तरेकडून उतरतात. ते थंडीला भिऊन पळत येतात असे आपण सहज म्हणतो, पण बदकाच्या पिसांना थंडी फारशी बाधत नाही. जिथे पाणी गोठत नाही तिथे कित्येक बदके भर हिमवर्षावातही तग धरून राहतात. पाणी गोठले की खाद्य बर्फाखाली जाते आणि दिवस आखडला की ते शोधायला वेळ उरत नाही. खरी अडचण ती. कॅनडातल्या एडमंटन इथे विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात केलेले प्रयोग या बाबतीत विलक्षण आहेत. कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यांत पक्षी ठेवून त्यांनी फक्त विजेच्या दिव्यांनी दिवस लांबवला, तर भर हिवाळ्यात पक्ष्यांची शरीरे वसंताच्या तयारीला लागली. शरीर ऋतू ओळखत होते ते उजेडावरून.

माणसाचे शरीर पक्ष्याहून वेगळे आहे हे खरे, आणि ही तुलना फार ताणू नये. तरी उजेडाचा मुद्दा माणसालाही लागू पडतो, याला स्वतंत्र पुरावा आहे. ऋतुबदलाबरोबर येणाऱ्या औदासीन्याचे शास्त्रीय वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये केले, आणि त्यावरचा त्यांचा उपाय प्रखर प्रकाशाचा होता. बोस्टनच्या अक्षांशावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उन्हात बसूनही त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही, हे १९८८च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले. टोरांटोत २१ डिसेंबरचा दिवस नऊ तासांहूनही थोडा कमी असतो आणि पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो; नाशिकला तोच दिवस जवळजवळ ११ तासांचा, आणि तोही निरभ्र आकाशाचा. पण याहून मोठे नुकसान पायांचे होते. पदपथावर पारदर्शक बर्फाचा थर धरला की पंचाहत्तरीच्या माणसाला घसरून खुब्याचे हाड मोडण्याची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे. मग चार महिने चालणे सुटते. उतारवयात एकदा गेलेली स्नायूंची ताकद एप्रिलमध्ये बर्फ वितळले म्हणून आपोआप परत येत नाही. चालणे सुटले की माणसेही सुटतात, कारण उतारवयातल्या गाठीभेटी बहुतेक ठरवून होत नाहीत, वाटेत होतात.

यावर सरळ आक्षेप असा की उजेड आणि कोरडी वाट फ्लोरिडातही आहे. मायामीचा सर्वांत लहान दिवसही साडेदहा तासांचा असतो. मुद्दा बरोबर आहे. परंतु तिथल्या निवृत्तांच्या वसाहती मोटारीच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. नजर अधू झाली, गाडी चालवण्याचा परवाना गेला, की दूध आणायलाही दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. नाशिकला महात्मानगरात किंवा कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याला भाजी, औषधे, चक्की, देऊळ सगळे पायाखाली असते. उन्हे अंगणात आली की गोल्फ क्लब मैदानावर एक फेरी होते, दुपारी १८४०पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रे चाळता येतात, बाजारात हरभऱ्याचे घाटे आणि कोवळा मटार आलेला असतो, संक्रांतीच्या सुमाराला येवल्याच्या पतंगांची निमंत्रणे येतात. यातला प्रत्येक प्रसंग माणसाला उठून बाहेर पडायला लावतो. ज्या भाषेत भाजीवालीशी घासाघीस करता येते, त्या भाषेच्या गावात बाहेर पडायचा कंटाळा कमी येतो, असे मला वाटते.

वैद्यकीय विम्याचा आक्षेप व्यावहारिक आहे आणि त्याचे उत्तरही व्यावहारिकच. अमेरिकेचे मेडिकेअर देशाबाहेरच्या उपचारांना सहसा पैसे देत नाही. ओंटॅरिओचा आरोग्य विमा टिकवायचा तर कोणत्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस त्या प्रांतात काढावे लागतात. म्हणजे चार-पाच महिन्यांचा मुक्काम नियमांत बसतो, मात्र जुन्या आजारांसह प्रवासविमा घेऊनच निघावे. पहाटेच्या थंडीला एक छोटा हीटर आणि जाड गोधडी पुरते, कारण ती थंडी नऊ-दहापर्यंत ओसरते.

सर्वांत जड आक्षेप नाशिकच्या वाटांचाच आहे आणि तो टाळला तर वरचा सगळा युक्तिवाद पोकळ ठरेल. पदपथ सलग नाहीत. जिथे आहेत तिथे दुचाकी उभ्या असतात, फरश्या उचकटलेल्या असतात, कधी पदपथाची उंची इतकी की गुडघेदुखीवाल्याला रस्त्यावरूनच चालणे सोपे वाटते. बर्फाने पाय घसरू नये म्हणून सात समुद्र ओलांडून आलेला माणूस इथे उघड्या चेंबरमध्ये पडू शकतो. म्हणून शहर निवडण्यापेक्षा गल्ली निवडणे महत्त्वाचे. शहराबाहेरच्या टाऊनशिपमध्ये, क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव दाखवून विकला जाणारा फ्लॅट हिवाळी मुक्कामाला मी सुचवणार नाही. फाटकाबाहेर हमरस्ता आणि भरधाव ट्रक असतील तर तिथला ज्येष्ठ आत अडकतो तो टोरांटोतल्यासारखाच, फक्त तापमान बदललेले असते. शिवाय आठ महिने कुलूप लागणारे असे फ्लॅट वाढले की स्थानिकांना घर परवडेनासे होते, ही तक्रार गोव्यात बऱ्याच काळापासून ऐकू येते आणि ती खोटी नाही. त्यापेक्षा भावंडांच्या जवळपास भाड्याने राहावे.

पाहुण्यांनी वाट मागितली तर ती तयार होऊ शकते, याचे एक जुने उदाहरण आहे. फ्रान्समधल्या नीस शहरात अठराव्या शतकापासून इंग्रज हिवाळा काढायला येत. १८२०च्या दशकात लुईस वे या धर्मोपदेशकाने त्यांच्यात निधी उभा करून, हाताला काम नसलेल्या गरिबांकडून समुद्राकाठी चालायची वाट बांधून घेतली. पुढे नगरपालिकेने ती रुंद केली. आज ती ‘प्रोमनाद देझ आंग्ले’ म्हणून ओळखली जाते, आणि २०२१मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा यादीत घेतले ते हिवाळी मुक्कामाचे शहर म्हणून. येत्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकचे रस्ते, पूल आणि घाट यांची कामे काढली आहेत, आणि रस्ता रुंद करताना कडेची चालायची जागा राखून ठेवणे नंतर ती मागण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते. ओसीआय कार्डाने मतदानाचा हक्क मिळत नाही. पण चार महिने ज्या गल्लीत राहायचे, तिच्यातल्या झाकण नसलेल्या चेंबरची तक्रार घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जायला तो लागतही नाही.