दुधाच्या दातांची साक्ष

पडलेला दुधाचा दात आपल्याकडे छपरावर फेकतात. 1970च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनजवळ डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी मात्र लहान शाळकरी मुलांचे असे दात गोळा केले. त्यांत साठलेलं शिसं त्यांना मोजायचं होतं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धिमापनात मागे होती. वर्गात त्यांचं चित्त ठरत नव्हतं. आजारी मात्र त्यांतलं कुणी दिसत नव्हतं. 11 वर्षांनी पाहिलं, तर त्यांच्यात शाळा अर्धवट सोडण्याची शक्यता सातपट निघाली.

शिसं शरीरात कॅल्शियमच्या वाटेनं शिरतं, हाडांत मुक्काम करतं आणि मेंदूच्या पेशींमधल्या संदेशांत ढवळाढवळ करतं. आवेग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडतच असतो.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. पण शिसं पसरवणारे जुन्या रंगाचे पोपडे, भेसळीची हळद, बॅटऱ्या वितळवणाऱ्या भट्ट्या अजून आहेत.

प्रत्येक चिडखोरपणामागे शिसं नसतं, हे खरं. तरी एखादं पोर भडकलं, अभ्यासात मागे पडलं, की ‘वळणच नाही’ असा निकाल देण्याची घाई नको. वळण लावणं म्हणजे फक्त चार शब्द सुनावणं नव्हे. रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचणं, जुनी भिंत घासताना मुलांना दूर ठेवणं, हेही संगोपनच आहे.