अरवरीतले मासे कुणाचे?

१९९६च्या सुमारास राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यात एक गमतीशीर भांडण पेटलं. भांडण माशांवरून होतं आणि भांडणाऱ्या गावांत मासे खाणारे जवळपास कुणीच नव्हते. अरवरी नदीत मासेमारीचा ठेका सरकारने परस्पर देऊन टाकला होता. गावकरी आडवे आले, अखेर ठेका रद्द झाला. त्याच्या दहा वर्षं आधी याच नदीत पावसाळा सरला की मासे सोडाच, पाणीही नसायचं.

१९८५मध्ये राजेंद्र सिंह आणि तरुण भारत संघ या संस्थेतले त्यांचे साथी या भागात आले ते शाळा-दवाखान्याचे बेत घेऊन. गावातल्या जाणत्यांनी त्यांना कुदळ-फावड्याकडे वळवलं. आधी पाण्याचं बघा, बाकीचं नंतर.

मग गावोगावी श्रमदानातून जोहड उभे राहू लागले. जोहड म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला घातलेला चंद्रकोरीच्या आकाराचा मातीचा बांध. वरची बाजू मोकळी, तिथून पाणी येतं. साठलेलं पाणी खडकाच्या भेगांतून झिरपतं, आधी विहिरींना पाझर फुटतात आणि कालांतराने नदीला. पाणी ओसरलं की तळाच्या ओल्या गाळात लोक पीक घेतात. दिवसा गुरं पाण्यावर येतात, रात्री रानातली जनावरं.

यात सगळ्यात मोलाची गोष्ट अशी, की नदी वाहती झाली ती पात्र न उकरता. काम झालं डोंगरउतारावर आणि ओढ्या-नाल्यांवर. आपल्याकडे पाणलोटाची माणसं ‘माथा ते पायथा’ म्हणतात ते हेच. म्हणतात खरी, पण निधी आला की पोकलेन थेट पायथ्याशी उतरतो. नाला खोल, रुंद, सरळसोट केला की फोटो झकास येतो. पण पाणी धरून ठेवणारी वाळू, माशांच्या विणीच्या जागा आणि काठची झाडी मातीच्या ढिगाऱ्याबरोबर जातात. याला खोलीकरण म्हणावं, पुनरुज्जीवन म्हणू नये.

अरवरीच्या उगमाकडच्या भावता-कोल्याळा या गावांनी तर माथ्यावरचं जंगलही राखायला घेतलं. १९९८च्या सुमारास त्यांनी भैरोंदेवाच्या नावाने लोकांचं अभयारण्य जाहीर केलं. पाणी हवं होतं माणसांना, आणि त्यापायी बिबट्याचंही फावलं! २००० साली राष्ट्रपती के. आर. नारायणन या गावांचा गौरव करायला स्वतः या भागात आले होते.

माशांच्या भांडणाने मात्र गावांना सावध केलं. आज मासे, उद्या पाणीही कुणी उचलून देईल. १९९९मध्ये सुमारे ७० गावांनी मिळून ‘अरवरी संसद’ स्थापन केली. ऊस आणि भात घ्यायचा नाही, असं तिने ठरवलं. उसाच्या राज्यातल्या वाचकाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. या संसदेला कायद्याचा आधार नाही. जो काही धाक आहे तो गावकीचा.

अरवरीची आरती ओवाळण्याचं कारण नाही. लागोपाठ दुष्काळ पडले की तिचीही धार तुटते, आणि जोहडांनी विहिरी भरल्या म्हणून कुणी वाटेल तेवढा उपसा केला, तर नदीच्या वाट्याला काय उरणार?

तरी येत्या ग्रामसभेत खोलीकरणाचा ठराव आलाच, तर दोन प्रश्न जरूर विचारा: माथ्यावर किती काम झालंय? आणि पाणी आल्यावर ते कोणत्या पिकाला जाणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय हात वर करू नका.