लॉगचा न्याय

लॉगॅरिदम म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात अजून गोळा येतो. आम्हा कॉमर्सवाल्यांची त्याच्याशी ओळख चक्रवाढ व्याजापुरती. ज्या पुस्तकातून लॉग काढायचे त्याचे नाव ‘क्लार्क्स टेबल्स’. पुढे आयुष्य कुठल्या टेबलापाशी जाणार, याची आगाऊ नोटीसच म्हणायची ती!

जॉन नेपियर या स्कॉटिश जहागीरदाराने 1614 साली ही युक्ती छापून काढली. गुणाकाराची कटकट बेरजेवर भागवायची. 10 चा लॉग 1, 100 चा 2, 1,000 चा 3. आपण दसपट झालो म्हणून छाती फुगवावी, तर लॉग म्हणतो, “एकच पायरी चढलात. बसा खाली.”

1738 साली डॅनियल बर्नुलीने हेच माप माणसाच्या सुखाला लावले. मिळणाऱ्या पैशाचे सुख खिशात आधी किती आहे त्यावर ठरते, असे त्याचे म्हणणे. कॅश काउंटरवर मी दुसरे काय बघतो? एक आजीबाई पाचशेची नोट तीनदा उलटीपालटी करून कनवटीला लावतात. एक शेटजी अख्खे बंडल न मोजता पिशवीत कोंबतात.

आता पगारवाढीचं बघा. शिपायाला 10 हजार, साहेबांना 1 लाख. दोघांना सरसकट 1 हजार वाढवले, तर शिपायाचा लॉग 0.0414 ने वाढतो, साहेबांचा जेमतेम 0.0043 ने. त्याऐवजी दोघांना 10 टक्के दिले, तर दोघांचाही 0.0414 ने! “बघा, अगदी समान न्याय!” म्हणायला साहेब मोकळे. गणित बिनचूक आहे हो. फक्त तेवढ्याच सुखाला शिपायाकडे 1 हजार पुरले आणि साहेबांकडे 10 हजार लागले, एवढी बारीक नोंद सर्क्युलरमध्ये राहून जाते. आता कारकुनाला विचाराल, तर सुखसुद्धा जिथे स्वस्त मिळते तिथूनच आधी घ्यावे.

राहता राहिला तो, ज्याच्याकडे काहीच नाही. शून्याला लॉगच नाही. टेबलाची पाने चाळा, सापडायचा नाही. टक्केवारी लावावी, तर शून्याचे 10 टक्के शून्यच. त्याच्या हातावर पहिला रुपया ठेवायचा, तो टेबल न उघडताच ठेवावा लागतो.