वजनाचा निवाडा

लग्नकार्यात चार नातलग जमले की घरातील एखाद्या चाळिशीच्या स्त्रीला “किती सुटलीस ग!” असे सर्वांदेखत ऐकवण्याचा शिरस्ता आपल्याकडे आहे, आणि त्या उद्गारात तिच्या संयमाविषयी व उद्योगशीलतेविषयी एक निवाडाच दिलेला असतो. हा निवाडा अन्यायाचा आहे असे मला वाटते. आणि ते केवळ दयाबुद्धीने नव्हे.

मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्र सरकारकरिता केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे दप्तर पाहावे. १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांत अतिवजन वा स्थूलता असणाऱ्यांचे प्रमाण २००५-०६ साली सुमारे १३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २४ टक्क्यांवर गेले; शहरांत ते ३३ टक्के, तर खेड्यांत सुमारे २० टक्के होते, आणि वयाबरोबर व सांपत्तिक स्थितीबरोबर ते चढत जाते. दीड दशकात कोट्यवधी स्त्रियांचा संयम एकाएकी ढळला, आणि तोही नेमका शहरांत अधिक ढळला, हे बुद्धीला पटत नाही. त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे पोट भरले तरी पोषण झालेले नाही, अशी अवस्था पुष्कळदा एकाच देहात नांदते.

याची मुळे आपल्या स्वयंपाकघरात फार खोल गेलेली आहेत. सर्वांची पाने वाढून झाल्यावर शेवटी जेवायचे आणि उरलेसुरले वाया जाऊ द्यायचे नाही, ही शिकवण ज्या मुलीच्या अंगी लहानपणापासून मुरलेली असते, तिच्या वाट्याला टंचाईच्या काळात उपास येत असे. आज तेल, साखर आणि तांदूळ मुबलक झाल्यावर तिच्याच वाट्याला मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळचा भात आणि सकाळची भाजी येते, मात्र उसळ, दूध आणि फळ बहुधा तिच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपलेले असते. ज्या गुणाबद्दल आपण तिला गृहिणी म्हणून गौरवितो, त्याच गुणाचे फळ तिच्या देहावर दिसताच आपण तिला दोष देतो.

दिवसभर राबणाऱ्या बाईला निराळा व्यायाम कशाला, असा प्रश्न सुज्ञ माणसेही करतात. अंगाला व्यायाम घडविणारी विहीर, जाते आणि उखळ गेले, हे चांगलेच झाले. परंतु त्यांच्याबरोबर घराची बांधिलकी गेली नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवीत होती, घरकामाला हात लावणारा पुरुष ९७. पुष्कळदा ओट्यापाशी एकाच जागी उभे राहण्यात सरणाऱ्या या पाच तासांनंतर, आणि नोकरी असल्यास तिच्याही नंतर, स्वतःच्या इच्छेने बाहेर पडावे असा तास तिच्या दिवसात उरतच नाही.

आणि क्वचित तो तास निघालाच, तर तो बहुधा दुपारचा असतो. त्या वेळी आपल्या कित्येक शहरांतील नगरपालिकांची उद्याने कुलूपबंद असतात, आणि अंधार पडल्यावर ज्या रस्त्याने निःशंक चालता येईल असा रस्ता प्रत्येक मोहल्ल्यात नसतो. उद्यानांच्या वेळांत फेरफार करण्यास नगरपालिकेचा एक ठराव पुरेसा आहे. आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाची जबाबदारी घरातील पुरुषाने उचलावी, याला तर कोणाच्याच मंजुरीची गरज नाही.