लगाम कोणाच्या हाती?

मनुष्याने किती मिळवावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे; आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने असल्यामुळे तो केव्हाच सुटला आहे, असे आपण समजून चालतो. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक होय, त्यास धर्माची मर्यादा असावी, आणि मिळवलेल्यातून काही परमार्थी लागावे, एवढे सांगितले की प्रवचनकाराचे काम संपते आणि ऐकले की श्रोत्यांचेही संपते. परंतु काळ पालटतो तसे जुने प्रश्न नव्या वेषाने दाराशी उभे राहतात, आणि मग पाठ केलेले उत्तर तोकडे पडते. गेल्या पावसाळ्यात मला असाच एक अनुभव आला. त्यात माझी स्वतःची चूकही असल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवणे मी कर्तव्य समजतो.

आपल्या मंदिराच्या सभेत मी एक तक्रार मांडली होती. सायंकाळच्या भजनास आणि प्रवचनास तरुण मंडळी येईनाशी झाली आहेत; एके काळी हैदराबादेतील आपल्या मराठी वस्तीत दिवेलागणीच्या वेळी घरटी एक तरी मुलगा मंदिरात दिसे, आता पखवाजाला हात लावणारा मिळत नाही; या पिढीला पैशाचा हव्यास जडला आहे, असे मी जरा आवेशाने बोललो. सभेने माना डोलावल्या. माना डोलावणारे बहुतेक सर्व माझ्यासारखेच निवृत्तिवेतन घेणारे होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी प्रवासाहून परतलो. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि सिकंदराबाद स्थानकाबाहेर पाऊस कोसळत होता. मुलाने घरून आपल्या फोनवरून माझ्याकरिता गाडी बोलावली होती. पिवळ्या पाटीची एक लहान टॅक्सी पुढे आली. चालकाने उतरून माझी पिशवी उचलली, आणि क्षणभर थबकून तो म्हणाला, "काका, तुम्ही?" आपल्या मंदिरात चार वर्षे पखवाज वाजवणारा तो तरुण होता. सहा महिने तो दिसला नव्हता. त्याचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

वाटेत त्याने जे सांगितले ते थोडक्यात असे. दिवसा तो एका खाजगी पेढीत हिशेब लिहितो. सहाला सुटतो, घरी जाऊन दोन घास खातो, आणि आठपासून मध्यरात्रीपर्यंत मेहुण्याची टॅक्सी चालवतो. दिवसा ती मेहुणा चालवतो. बहिणीच्या महाविद्यालयाची फी भरावयाची होती आणि पगारातून ती निघत नव्हती. "तुम्ही सभेत बोललात ते माझ्या कानावर आले, काका," तो शांतपणे म्हणाला. "पण सुरुवात हव्यासाने झाली नव्हती."

मी ओशाळलो. काय बोलावे ते सुचेना. तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, "मात्र एक खरे सांगतो. फी जूनमध्ये भरून झाली. आता सोडायला हरकत नाही. पण सुटत नाही. रात्री घरी निघावे म्हणतो, तर फोन सांगतो, आणखी दोन फेऱ्या करा, म्हणजे इतका इन्सेंटिव्ह मिळेल. दोन झाल्या की वाटते, आणखी एक."

नारायणगुड्याच्या चौकात दिवा लाल झाला म्हणून गाडी थांबली. दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, तरी आमची गाडी हलेना. मी पाहिले तो त्याचे दोन्ही हात चाकावर होते, डोळे अर्धवट उघडे होते, आणि तो झोपला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझा आरोप खोटा होता, हे तर उघडच होते. परंतु आरोप खोटा ठरल्याने प्रश्न मिटला नाही. हव्यास नव्हता, गरज संपली होती, तरी तो मुलगा गाडी चालवीत होता. मग त्याला चालवीत कोण होते?

या व्यवसायाचे स्वरूप वडीलधाऱ्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द लिहितो. ओला ही कंपनी आपल्या देशात २०१० साली निघाली, आणि अमेरिकेतील उबर २०१३ साली येथे आली. इंग्रजीत या पद्धतीला जे नाव पडले त्याचा अर्थ 'वाटून घेतलेला प्रवास' असा होतो. आपण कोठे तरी निघालो असता रिकाम्या जागेवर दुसऱ्यास बसवून घ्यावे आणि खर्च वाटून घ्यावा, अशी ती कल्पना. प्रत्यक्षात येथे वाटणी नाही. हा भाड्याचाच धंदा आहे. मात्र जुन्या भाड्याच्या धंद्याहून तो एका बाबतीत निराळा आहे. जुना टांगेवाला किंवा रिक्षावाला दर सांगे, घासाघीस करी, रस्ता आपण निवडी, गिऱ्हाईक पसंत नसल्यास नकार देई. या नव्या पद्धतीत भाडे कंपनीचे यंत्र ठरवते, रस्ता फोन दाखवतो, गिऱ्हाईक कोण ते तोच सांगतो, आणि फेऱ्या वारंवार नाकारल्यास चालकाचाच तोटा होतो. पाऊस पडला, गर्दी झाली, की दर आपोआप चढतो. त्यावर केंद्र सरकारने २०२० साली मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा घातली, आणि २०२५ साली ती दुपटीपर्यंत वाढवली.

येथे महाभारतातील तुलाधाराची कथा आठवते. जाजली नावाच्या तपस्व्याच्या जटांमध्ये पक्ष्यांनी घरटे केले, पिले उडून जाईपर्यंत तो हलला नाही, आणि आपल्यासारखा धर्मात्मा कोणी नाही असा त्यास गर्व झाला. तेव्हा त्यास काशीतील तुलाधार वाण्याकडे जाण्यास सांगण्यात आले. त्या वाण्याचे तप एवढेच होते की त्याचा तराजू सर्वांस सारखा होता. शांतिपर्वातील ही कथा आपण नेहमी सांगतो, कारण बाजारात बसूनही धर्म साधतो असे ती दाखवते. परंतु ज्याच्या हाती तराजूच नाही, त्याने तुलाधार कसे व्हावे? दर त्याने ठरवलेला नाही. म्हणून चढ्या दराचे पाप त्याचे नाही, आणि सारख्या मापाचे पुण्यही त्याचे नाही.

मग त्याच्या हाती काय उरते? मला वाटते, दोन गोष्टी उरतात. एक, उतारूशी असलेली त्याची वागणूक. दुसरी, केव्हा निघावे आणि केव्हा थांबावे हा निर्णय. "स्वतःचे मालक व्हा, हवे तेव्हा काम करा," असेच आमंत्रण या धंद्यात चालकास दिलेले असते. सूक्ष्म दृष्टीने पाहिले तर मौज ही की, जी एक स्वतंत्रता त्याच्यापाशी उरली आहे, तिच्यावरच त्या बक्षिसांचा सारा रोख असतो. ठरावीक फेऱ्या पुऱ्या झाल्यावाचून बक्षीस नाही. आणि पुऱ्या झाल्या की उद्याचा आकडा तयार. बळजबरी कोणी करीत नाही. मोह मात्र असा रचलेला असतो की थांबणे म्हणजे नुकसान वाटावे.

कठोपनिषदात शरीरास रथ, इंद्रियांस घोडे, मनास लगाम आणि बुद्धीस सारथी म्हटले आहे. हे रूपक आपण इतक्या वेळा ऐकतो की ते कोणा खऱ्या सारथ्यास लागू पडेल असे मनातही येत नाही. त्या रात्री मी ज्या रथात बसलो होतो, तेथे बुद्धी थकून निजली होती आणि लगाम फोनच्या हाती गेला होता.

गरज आणि मिळकत यांत भेद हाच आहे की गरजेला शेवट असतो, मिळकतीला नसतो. बहिणीची फी ही गरज. तिचा आकडा ठरलेला होता, आणि तो भरल्याबरोबर ती संपली. 'आणखी थोडे' ही गरज नव्हे. तिचा आकडा कोणीच ठरवलेला नसतो, म्हणून तो दुसरा कोणी तरी आपल्यासाठी ठरवतो. तुकोबांनी धन मिळवण्याच्या मार्गास शुद्धतेची आणि ते वेचण्यास अलिप्ततेची अट घातली. आजच्या काळी तिसऱ्या एका अटीची जोड द्यावी असे वाटते: निघण्यापूर्वीच परतण्याची वेळ ठरलेली असावी.

कोणी म्हणेल, हे पोट भरलेल्याचे तत्त्वज्ञान आहे. ज्याच्या घरी आजार आहे, कर्ज आहे, त्याने मर्यादा कशी आखावी? आक्षेप रास्त आहे. ज्याची गरजच संपत नाही, त्यास संयमाचा उपदेश करणे हे निष्ठुरपणाचे होईल. त्याच्याकरिता मर्यादा समाजाने व कायद्याने आखावयास हवी. १९६१ च्या मोटार परिवहन कामगारांच्या कायद्याने चालकाच्या कामाचे दिवसाला आठ तास ठरवले होते. २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ॲपवरील कामास बारा तासांची सीमा घातली, आणि त्यानंतर दहा तासांची विश्रांती सांगितली. परंतु आमच्या पखवाजवाल्याने पेढीत घालवलेले तास या मोजणीत कोठेच येत नाहीत. कायद्याच्या लेखी तो चार-पाच तासच काम करतो. त्याच्या डोळ्यांच्या लेखी तेरा-चौदा. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने अशा कामगारांची प्रथमच व्याख्या केली आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असे म्हटले. ती अमलात येण्यास नोव्हेंबर २०२५ उजाडला. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि झोपेची मोजणी कोणताही कायदा करू शकत नाही. ती ज्याची त्यानेच करावयाची असते. आणि येथे प्रश्न केवळ त्याच्या प्रकृतीचा नाही. मागच्या आसनावर दुसऱ्याचा जीव बसलेला असतो. पेंगत गाडी हाकणे ही हिंसाच होय, मग हेतू कितीही निर्मळ असो.

या संदर्भात द्रोणपर्वातील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा होती. दिवस कलत चालला होता, शत्रुसैन्य चोहोकडे होते. अशा वेळी, एक एक घटका मोलाची असताना, घोडे थकले आहेत हे पाहून रथ थांबवण्यात आला. अर्जुनाने बाण मारून पाणी काढले आणि शत्रूला पायी उभे राहून थोपवले. श्रीकृष्णाने घोडे सोडले, त्यांच्या अंगातील बाण उपटले, त्यांना पाणी पाजले, लोळू दिले, आणि ते ताजे झाल्यावरच पुन्हा जुंपले. आपण पार्थसारथीची पूजा करतो ती गीता सांगणारा म्हणून. पण तो उत्तम सारथी होता, कारण कधी थांबावे हे त्यास कळत होते. प्रतिज्ञेपेक्षा मोठे बक्षीस कोणते असू शकेल? तरीही घोडे सुटले.

पुढच्या सभेत मी माझे शब्द मागे घेतले. रात्री राबणाऱ्या मुलांकरिता भजन रविवारी सकाळी ठेवावे, अशी सूचनाही केली, आणि ती मान्य झाली. तो तरुण आतापर्यंत चार रविवारांपैकी दोनदा आला. रात्री अकरानंतर फोन बंद करतो असे तो म्हणतो. कधी जमते, कधी जमत नाही, हेही तोच सांगतो. त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला उरलेला नाही. मात्र यापुढे रात्री गाडीत बसताना मी चालकास, "जेवलास का? कितीपासून चालवतो आहेस?" एवढे विचारतो, आणि उत्तर ऐकून गरज वाटल्यास म्हणतो, "बाबा, वाटेत चहाला थांबू, मला घाई नाही." घाई नाही असे कोणी तरी म्हणणे, हेही त्या रथाला एक प्रकारे पाणी दाखवणेच आहे.