शिक्र्याची बाजू

परसात शिक्रा आला हे डोळ्यांआधी कानांना कळतं. खार बुंध्याला चिकटून चिरचिरत राहते, सातभाईंचा कलकलाट चढतो, आणि मग एकाएकी सगळे चिडीचूप. कबुतराएवढाच पक्षी, पाठ राखी, छातीवर विटकरी आडव्या रेघा, नराचे डोळे लालसर. (पावशाही उडताना अगदी असाच दिसतो. सातभाईंच्या घरट्यात चोरून अंडं घालणाऱ्याला हे सोंग फायद्याचंच.)

शिक्र्यानं बुलबुल उचलला की आपण हळहळतो. तोच सरडा घेऊन आंब्यावर बसला, तर दुर्बीण आणायला धावतो. सरड्यासाठी जीव तुटलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपल्या दयेलाही उतरंड असते. गाणाऱ्यांना तिथं वरची जागा.

उन्हाळ्यात आपण पाण्याचं भांडं ठेवतो, मूठभर बाजरी टाकतो. होले, चिमण्या जमतात. शिकाऱ्याला एवढी खूण पुरते. मग आपणच टाळ्या वाजवून त्याला हाकलतो आणि भूतदया केल्याचं समाधान मानतो.

महाभारतातल्या शिबी राजाची गोष्ट आपल्याला शरण आलेल्या कबुतरासाठी आठवते. वनपर्वात उशीनर राजाच्या नावानं येणाऱ्या याच कथेत ससाणाही बिनतोड बोलतो, ते मात्र विसरतो. माझं अन्न तू हिरावलंस, मी मेलो तर माझी बायकापोरंही मरतील. एकाला वाचवताना तू किती जीव घेतोस? राजाला त्याचं म्हणणं पटतं, पण शरण आलेल्याला तो सोडत नाही. तो तराजू मागवतो आणि स्वतःच्या अंगाचं मांस तोडून देतो. ससाण्याचा हक्क त्याला मान्य आहे म्हणूनच ना? आपल्या टाळ्यांमध्ये ती कबुली कुठेच नसते.

याच शिक्र्याला पकडून, शिकवून माणसानं पिढ्यान्‌पिढ्या लावे मारवून घेतले. शिकार आपल्या ताटात येत होती, तोवर त्याच्या क्रौर्याची तक्रार नव्हती. 1972च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पकडणं, पाळणं गुन्हा ठरवलं, तेव्हा निदान कागदावर तरी तो स्वतःसाठी जगू लागला.

त्याची झेप बरेचदा फुकटही जाते. माझं भांडं मी जास्वंदीच्या कुंपणालगत ठेवते. पाखरांना पटकन आत शिरता येतं. एवढा पक्षपात माझ्याकडून होतोच. पण त्यांच्यामागे शिक्राही पानांत घुसला, तर मी टाळ्या वाजवत नाही.