स्थितांबर

नातवाच्या भूगोलाच्या पुस्तकात 'स्थितांबर' हा शब्द वाचला आणि थबकलो. दत्तभक्ताच्या कानाला त्यात 'दिगंबर'च आधी ऐकू येतो! आपल्या डोक्यावरचा ढग-पाऊस-वाऱ्याचा थर तो तपांबर, त्याच्या वरचा स्थितांबर. आपल्याकडे तो साधारण १६-१७ किलोमीटरवर सुरू होतो, सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जातो. तिथला ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषतो, त्यामुळे वर जावे तशी हवा तापत जाते. वर गरम, खाली गार, म्हणून खालीवर घुसळण नाही. नावाप्रमाणे स्थित.

मला वाटले, हीच ती अलिप्तता. अवधूताने यदूला सांगितलेल्या चोवीस गुरूंत आकाश आहेच. ढग येतात, जातात, त्याला काही चिकटत नाही.

पण पुढे वाचले ते निराळेच. १९९१ साली फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. खालच्या हवेतली धूळ पावसाने धुऊन निघते. जो गंधकाचा वायू स्थितांबरात पोचला, त्याचे बारीक कण मात्र वर्ष-दोन वर्षे तिथेच राहिले, पृथ्वीभर पसरले. जगाचे तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. कारण साधे. तिथे पाऊस नाही, धुणार कोण?

त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. बँकेत ३४ वर्षे काउंटरवर बसलो. पासबुक भरायला उशीर झाला की गिऱ्हाईक तोंडावर बोलायचं, साहेब केबिनमध्ये बोलावून झापायचे. राग यायचा. निवृत्तीनंतर मंदिराचा खजिनदार झालो. लोक 'काका, काका' करतात, हिशेबावर कुणी बोट ठेवत नाही. आपण शांत झालो, साधना फळली, असं घरात बोलूनही दाखवलं. त्याच आठवड्यात एका म्हातारीने ११ रुपयांची पावती मागितली, तर "एवढ्याशा रकमेला पावती कसली?" म्हणून तिला सगळ्यांदेखत परत पाठवलं. कुणी हूं की चूं केलं नाही. दोघे-तिघे उलट हसले.

मग माझी शांतता कोणती? ढगांतून राहूनही न भिजणारे आकाश, आणि जिथे ढगच पोचत नाहीत तो थर, खालून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच निळे. दत्तप्रभू रोज कोल्हापुरात भिक्षा मागतात अशी आपली श्रद्धा. दारोदार फिरायचं म्हणजे चार शब्द ऐकणं आलंच. ते काही पावतीपुस्तकामागे बसलेले नाहीत.

परवा गुरुवारी आजी आरतीला आल्या. पावती लिहून ठेवली होती, नाव तेवढं विचारायला गेलो.

"राहू दे रे बाबा," म्हणाल्या, "तुला लई काम असतं."